वाळा: मुळे काढायची की ठेवायची, हे लावण्याआधी ठरवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीविषयक पुरवणीत अलीकडे वाळ्यावर आलेला लेख वाचला. एरवी कोणी ढुंकून पाहत नाही अशा या गवताला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला, आणि लेखातील बहुतांश माहिती बरोबरही आहे. मात्र त्यातील एका सल्ल्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. उताराच्या शेतात बांधावर वाळा लावावा, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि दीड वर्षाने मुळे खणून विकली की तेलाचे उत्पन्नही हाती येईल, अशा आशयाचा तो सल्ला आहे. यातली दोन्ही विधाने सुटी सुटी घेतली तर खरी आहेत. परंतु एकाच ओळीतल्या एकाच ठोंबाला ती दोन्ही एकदम लागू करता येत नाहीत, कारण माती धरून ठेवतात ती मुळेच आणि बाजारात जातात तीही मुळेच. ही साधी गोष्ट मला स्वतःला एक पावसाळा गमावल्यानंतर कळली, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना वाळा केवळ सुगंधी काड्यांची जुडी म्हणून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी आधी थोडे गवताविषयी. वाळा हे अनेक वर्षे जगणारे, बेटासारखे वाढणारे गवत आहे. हिंदीत त्याला खस म्हणतात, संस्कृतात उशीर; आणि जगभर रूढ झालेले 'व्हेटिव्हर' हे नाव तमिळमधील 'वेट्टिवेर' या शब्दावरून, म्हणजे खणून काढलेले मूळ या अर्थाच्या शब्दावरून गेलेले आहे. जुन्या पुस्तकांत त्याचे शास्त्रीय नाव व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडिस असे सापडते. आता त्याची गणना क्रायसोपोगॉन या प्रजातीत होते, त्यामुळे दोन नावे वाचून ही दोन गवते आहेत असे कोणी समजू नये. पाती ताठ, अरुंद आणि कडेला किंचित खरखरीत असतात व दीड मीटरपर्यंत उंच जातात. फुलोऱ्याचा दांडा त्याहूनही वर येतो. पात चुरगाळून हुंगली तर हाती काहीच लागत नाही. सगळा सुवास मुळात. गवती चहाचे याच्या नेमके उलट आहे, त्याचा वास पानात असतो. आणि तरीही रोपवाटिकेतून वाळा म्हणून गवती चहा घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. पात चुरगाळून पाहण्याची एवढी साधी कसोटी घेतली असती, तर त्यांचा फेरा वाचला असता.

वाळ्याचे खरे वैशिष्ट्य जमिनीखाली आहे. बहुतेक गवतांची मुळे वरच्या थरात आडवी पसरतात. वाळ्याची मुळे मात्र सरळ खाली जातात, आणि जमीन मोकळी व खोल असेल तर पहिल्या वर्ष-दीड वर्षातच दोन ते तीन मीटर खोली गाठतात. खाली पक्का खडक असेल तर अर्थातच तितकी खोली मिळत नाही, तरी फटी सापडतील तिथे ती शिरतात. एकेक मूळ सुतळीपेक्षा बारीक असले तरी ते तोडायला हाताला जोर लावावा लागतो. या मुळांची ताणशक्ती संशोधकांनी मोजली आहे. ती सरासरी सुमारे 75 मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण एक षष्ठांश भरते. रस्त्यांच्या कडेच्या मातीच्या भिंती आणि कालव्यांचे काठ राखण्यासाठी हे गवत अनेक देशांत वापरले जाते, त्याचे कारण हेच.

'गवत' हा शब्द ऐकताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हराळी आणि कुंदा यांनी ज्याच्या शेताची वाट लावली आहे, तो आणखी एक बारमाही गवत स्वतःच्या हाताने शेतात कशाला आणील? पण हराळी जमिनीवर धावणाऱ्या तंतूंनी पसरते, तर कुंदा जमिनीखालच्या कांड्यांनी. वाळ्याला यांपैकी काहीही नसते. शिवाय दक्षिण भारतात पिढ्यान्‌पिढ्या लागवडीत असलेल्या प्रकाराला रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो लावला तिथेच राहतो. उत्तर भारतात नदीकाठी व पाणथळ जागी आपोआप वाढणारा प्रकार मात्र फुलतो आणि बीही धरतो; म्हणून शेतात लावण्यासाठी रोपे आणताना ती कोणत्या प्रकारची आहेत हे विचारून घ्यावे. कर्नाटकात म्हैसूरजवळच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी आधुनिक सल्लागार येण्याच्या कितीतरी आधीपासून शेताची हद्द दाखवायला वाळ्याचीच ओळ लावत आले आहेत. हद्दीसाठी लावलेले गवत जर दरवर्षी हातभर सरकले असते, तर ते कोणत्याच शेजाऱ्याने खपवून घेतले नसते. या गवताच्या स्थिरपणाचा याहून पक्का पुरावा मला तरी माहीत नाही.

मृदसंधारणासाठी वाळ्याचा प्रसार जगभर झाला तो 1980 च्या दशकात. जागतिक बँकेच्या भारतातील पाणलोट प्रकल्पांवर काम करणारे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या दोन कृषितज्ज्ञांनी तो हिरिरीने पुढे नेला. ग्रीनफिल्ड यांनी त्याआधी 1950 च्या दशकात फिजीमध्ये उसाच्या उताराच्या शेतांत वाळ्याच्या ओळी लावून पाहिल्या होत्या. पुढे थायलंडचे राजे भूमिबोल यांनी या गवतात जातीने लक्ष घातले आणि 1996 मध्ये वाळ्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच देशात, चियांग राय येथे भरली. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की या सगळ्या मंडळींनी वाळ्याचा पुरस्कार केला तो न उपटलेल्या वाळ्याचा. मुळे काढायची नाहीत हे त्यांच्या पद्धतीत इतके गृहीत आहे की ते वेगळे सांगावे लागेल असे बहुधा कोणालाच वाटले नसावे.

आता ओळ काम कशी करते ते पाहू. मातीचा बांध पाणी अडवतो. पाणी साचते, वाट शोधते, आणि एका ठिकाणी बांध फुटला की साठलेले सगळे पाणी त्याच भगदाडातून धावते. वाळ्याची ओळ पाणी अडवत नाही, त्याला थोपवून चालायला लावते. दाट वाढलेल्या ओळीवर वरून पाणी आले की ते ओळीच्या पूर्ण लांबीवर पसरते, त्याचा वेग मोडतो, बरोबर आणलेली माती ते ओळीच्या वरच्या अंगाला टाकते आणि स्वतः ताटांच्या फटींतून झिरपत खाली उतरते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओळीजवळ वाकून पाहिले तर हे डोळ्यांनी दिसते: वरच्या बाजूला काडीकचरा, सुकलेली पाने, बोटभर जाडीचा मऊ गाळ, आणि खालच्या बाजूला निवळ पाण्याने ओली झालेली पण न कापलेली जमीन. दरवर्षी हा गाळ चढत जातो आणि काही वर्षांत यंत्र न लावता तिथे पायरी तयार होते. गाळाने बुंधा झाकला गेला तरी गवत गुदमरत नाही, कारण झाकल्या गेलेल्या पेऱ्यांना नवी मुळे फुटतात आणि गवत पायरीबरोबर वर सरकते.

मात्र या सगळ्याला एक अट आहे, ती म्हणजे ओळ सलग हवी. माझी चूक याच जागी झाली. माझ्या उताराच्या शेतात वाळ्याच्या चार ओळी होत्या आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्या चांगल्या भरल्या होत्या. त्याच सुमारास मुळांना मागणी असल्याचे ऐकून मी सर्वांत वरच्या ओळीतले साधारण तीन मीटरचे ठोंब खणून काढले. खणणे सोपे नव्हते. टिकावाने दोन्ही बाजूंनी चर घेतला, पहार घालून ठोंब हलवला, तेव्हा कुठे तो मातीच्या ढेकळासकट उचलला गेला, आणि तरीही निम्म्याहून अधिक मुळे तुटून खालीच राहिली. ती झटकली तेव्हा दमट मातीत मिसळलेला तो जड, गोडसर वास हाताला दोन दिवस होता. मिळालेली मुळे धुऊन वाळवली तर ती एका पिशवीत मावली. त्या जागी नवे फुटवे मी लगेच लावले आणि काम झाले असे समजलो. जूनच्या अखेरीस एका रात्री जोरदार पाऊस झाला. सकाळी पाहतो तर वरच्या संपूर्ण ओळीवर अडलेले पाणी त्या तीन मीटरच्या फटीतून घुसले होते, नवे फुटवे वाहून गेले होते, आणि खणताना मोकळी झालेली माती कापत एक ओघळ थेट दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला होता. गुडघाभर खोल. त्या जागी वाळा मुळीच नसता तर पाणी शेतभर पसरून गेले असते. ओळ होती आणि तिला खिंड होती, म्हणून सगळे पाणी खिंडीत एकवटले. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले ही म्हण आपण सहज वापरतो. माझ्या बाबतीत तर धूप अक्षरशः पदरात पडली.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे नाही. हैती या देशातून जगातील वाळ्याच्या तेलाचा फार मोठा वाटा येतो. तिथे नैऋत्य भागातील डोंगरउतारांवर लहान शेतकरी हे पीक घेतात आणि मुळांसाठी उतार खणतात. जे गवत जागेवर राहिले असते तर डोंगर राखू शकले असते, त्याच्याच काढणीमुळे तिथे मातीची धूप होते, आणि पैशाची निकड असेल तेव्हा मुळे पक्व होण्याआधीच खणली जातात, म्हणजे तेलही कमी आणि मातीही गेली. आपल्या लेखातील सल्ला जसाच्या तसा अमलात आणला, तर परिणाम याहून वेगळा होण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून ज्याला माती राखायची आहे त्याने लागवड कशी करावी, ते अनुभवाने सांगतो. ओळ आखावी ती समपातळीत, शेताच्या हद्दीला समांतर नव्हे. पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा तीन काठ्यांची ओळंबा लावलेली चौकट घेऊन दोन माणसे दिवसभरात मोठे शेत आखू शकतात; आखणीत थोडी बोटे इकडेतिकडे झाली तर गाळ ती चूक पुढे भरून काढतो, मात्र ओळच उतरती आखली तर पाणी तिच्या कडेने पळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. दोन ओळींमधला उंचीचा फरक एक ते दोन मीटर असावा. याचा जमिनीवर अर्थ असा की पाच टक्के उताराला ओळी 20 ते 40 मीटरवर येतात आणि दहा टक्के उताराला 10 ते 20 मीटरवर. एका ओळीत दोन रोपांतले अंतर 10 ते 15 सेंटिमीटर ठेवावे. यापेक्षा विरळ लावून बेणे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो आणि तिथेच ओळ बिघडते. या हिशेबाने 100 मीटरच्या ओळीला सातशे ते हजार रोपे लागतात, तेव्हा विकत घेण्यापेक्षा एक वर्ष आधी शेताच्या सपाट, उन्हातल्या, पाण्याजवळच्या कोपऱ्यात स्वतःची रोपवाटिका करणे केव्हाही चांगले. चांगल्या जमिनीत एका ठोंबाला वर्षभरात वीस-तीस फुटवे सहज येतात.

ठोंब रोपवाटिकेतून काढून कोयत्याने किंवा हाताने फोडावा. प्रत्येक रोपात दोन-तीन फुटवे एकत्र ठेवावेत. एकेकटा फुटवा लावला तर मरतुक वाढते. फुलोरा येऊन गेलेले दांडे टाकून द्यावेत, ते पुन्हा वाढत नाहीत. वरची पाती बुंध्यापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर आणि मुळे 8 ते 10 सेंटिमीटरवर छाटावीत, म्हणजे रोप पाणी कमी उडवते आणि लावायला सोपे जाते. न छाटलेली लांबलचक मुळे चरात दुमडून कोंबणे ही फार आढळणारी चूक आहे. रोपे काढल्यापासून लावेपर्यंत त्यांची मुळे ओल्या गोणपाटात किंवा पाण्यात ठेवावीत आणि शक्यतो त्याच दिवशी लावून संपवावीत. लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जमीन चांगली भिजल्यावर करावी. नांगराच्या एका सरीत थोडे शेणखत आणि चिमूट-चिमूट डीएपी हे नत्र-स्फुरदयुक्त खत टाकून रोपे उभी ठेवावीत, माती पायाने घट्ट दाबावी. हे दाबणे क्षुल्लक वाटते, पण मुळांभोवती पोकळी राहिलेली रोपेच आधी वाळतात.

पहिले वर्ष खरे कसोटीचे. या काळात तण वरचढ झाले की वाळा मागे पडतो, कारण या गवताला सावली अजिबात सोसत नाही. झाडाखाली किंवा उंच पिकाला खेटून लावलेली ओळ विरळच राहते. दोन खुरपण्या तरी द्याव्यात. जनावरांना जून पाती आवडत नाहीत, पण पहिल्या वर्षीचा कोवळा फुटवा ती कुरतडतात आणि लागवड नवी असेल तर रोपच उपटून येते, तेव्हा त्या वर्षी चराई टाळावी. पुढचा पाऊस सुरू होताच सर्वांत आधी नांग्या, म्हणजे रोपे मेल्याने पडलेल्या रिकाम्या जागा, भराव्यात; त्यासाठी पिशव्यांत वाढवलेली थोराड रोपे हाताशी ठेवावीत, कारण भरलेल्या ओळीच्या मध्ये लावलेला उघड्या मुळांचा लहान फुटवा सावलीत टिकत नाही. माझ्या मते ओळ यशस्वी होणार की नाही हे लागवडीच्या दिवशी नव्हे, तर या दुसऱ्या पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ठरते, आणि नेमके त्याच वेळी शेतकरी पेरणीत गुंतलेला असतो. वर्षातून दोन-तीन वेळा पाती 30 ते 45 सेंटिमीटरवर छाटली की फुटवे वाढतात, ओळ दाट होते आणि शेजारच्या पिकावर सावली पडत नाही. दोन ते तीन हंगामांत ओळ भरते. त्यानंतर ती फारसे काही मागत नाही. वाळवंटी कोरड, काही आठवडे पाण्याखाली राहणे, क्षारपड जमीन, वणवा, यांतून ती पुन्हा उठते, कारण तिचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीखाली सुरक्षित असतो.

मुळे ठेवायची म्हणजे ओळीपासून उत्पन्न काहीच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. छाटलेली पाती हे उत्तम आच्छादन आहे. ती लवकर कुजत नाहीत आणि ओल धरून ठेवतात. छप्पर शाकारायला, दोर वळायला, टोपल्या-चटया विणायला त्यांचा उपयोग होतो. कोवळी पाती चाऱ्याला चालतात, पण त्यांचा कस बेताचाच असतो, म्हणून चाऱ्यासाठीच लावायचे तर दुसरी गवते कितीतरी सरस आहेत. याशिवाय एक उपयोग मला विशेष वाटतो. मक्याला लागणाऱ्या खोडकिडीचे पतंग वाळ्याच्या पातींवर आवडीने अंडी घालतात, पण त्यातून निघालेल्या अळ्या त्यावर जगत नाहीत, असे दक्षिण आफ्रिकेतील संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे मक्याच्या कडेची ओळ सापळा पीक म्हणूनही राबते. आणि यातला कोणताही उपयोग मुळाला हात लावत नाही.

सांडपाण्यातील नत्र व स्फुरद शोषून घेण्यासाठी आणि खाणींच्या ओसाड ढिगाऱ्यांवर हिरवळ आणण्यासाठीही वाळा लावला जातो. जमिनीतील बरेचसे जड धातू तो मुळांतच साठवतो व पातींपर्यंत फार कमी जाऊ देतो. ही गोष्ट ढिगाऱ्यांसाठी चांगली आहे, पण अशा जागची मुळे पिण्याच्या पाण्यात टाकण्यासाठी किंवा औषधासाठी कधीही वापरू नयेत. आपल्या लेखात हा उपयोग आणि ही सावधगिरी, दोन्ही राहून गेले आहेत.

ज्याला मुळांचेच पीक घ्यायचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावे. फक्त त्यासाठी वेगळी, सपाट जमीन निवडावी. वालुकामय पोयटा सर्वांत सोयीचा, कारण चिकण जमिनीत मुळे खणताना तुटतात आणि मजुरी अंगावर येते. इथे रोपे दाट ओळीत न लावता 30 ते 60 सेंटिमीटरच्या चौकोनी अंतरावर लावतात. या कामासाठी लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे सीमॅपने, धारिणी, गुलाबी, केसरी, सीआयएम-वृद्धी, सीआयएम-समृद्धी असे निवडक वाण दिले आहेत. मुळे साधारण दीड वर्षाने, थंडीच्या कोरड्या महिन्यांत काढावीत. फार लवकर काढली तर तेल कमी आणि हलक्या प्रतीचे निघते. मुळे धुऊन सावलीत सुकवतात, तुकडे करून भिजवतात आणि मग त्यांतून वाफेने तेल काढतात. हे तेल दाट, पाण्याइतकेच जड आणि सावकाश निघणारे असते. एक भट्टी उतरायला दिवसभराहून अधिक वेळ लागू शकतो, तेव्हा इंधनाचा हिशेब लागवडीआधीच मांडावा. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजमध्ये तांब्याच्या डेगांत अजूनही याच मुळांपासून रूह खस, म्हणजे वाळ्याचे सुगंधी तेल, काढतात. अत्तरात या तेलाला मोल आहे ते त्याच्या टिकाऊपणामुळे. इतर सुवास उडून जातात, वाळा मागे राहतो आणि त्यांनाही धरून ठेवतो.

काढणी झाल्यावर त्या सपाट वाफ्यातली मोकळी माती लगेच सपाट करून त्यावर दुसरे पीक घ्यावे किंवा निदान आच्छादन घालावे, कारण खणलेली जमीन सपाट असली तरी पहिल्या पावसात धुऊन निघतेच.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे की 'बांधावरच्या व उतारावरच्या ओळीची मुळे काढू नयेत. मुळांसाठी स्वतंत्र सपाट वाफा करावा' अशी दुरुस्ती आपण पुरवणीत प्रसिद्ध करावी. लेख वाचून ज्यांनी या वर्षी उतारावर ओळी लावल्या आहेत, त्यांनी दीड वर्षाने टिकाव हातात न घेता फक्त कोयता घ्यावा. आणि ज्यांनी आधीच थोडी मुळे काढली आहेत, त्यांनी पावसापूर्वी त्या खिंडीत वरच्या अंगाला दगडांची एक आडवी रांग रचून मागे पिशवीतली मोठी रोपे जवळजवळ लावावीत. माझ्या शेतातली तीन मीटरची फट अशा रीतीने भरून यायला दोन पावसाळे लागले. गुडघाभर ओघळ मात्र अजून पुरता बुजलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक